रोज पाणी मारूनही लॉन पिवळं पडतंय, युरिया टाकू का?

युरिया अजिबात नको, आत्ता तर नकोच. मी अकोल्याचा, इथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आणि मी एकदा हाच शहाणपणा केला होता, संध्याकाळी युरिया फेकला, वरवर पाणी शिंपडलं, आणि तिसऱ्या दिवशी जिथे जिथे मूठ उघडली तिथे तिथे पट्ट्यापट्ट्यांनी गवत जळलेलं. बायको अजून झेब्रा म्हणते त्या लॉनला.

तुम्ही लिहिलंय ५०० स्क्वेअर फूट, गेल्या पावसाळ्यात लावलेलं, रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपने पाणी. आता हिशोब बघा. १ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. तुमचं लॉन साधारण ४६ चौरस मीटर, आणि घरचा पाइप दहा मिनिटांत फार तर दीडशे लिटर टाकतो, म्हणजे जेमतेम ३ मिमी. ते वरच्या मातीतच वाळून जातं, मग मुळंही वरच राहतात आणि दुपारी भाजतात. त्यापेक्षा साधारण दर तिसऱ्या दिवशी, पहाटे, एकदम आठ-नऊशे लिटर द्या. लॉनमध्ये दोन-तीन स्टीलच्या सरळ कडांच्या वाट्या ठेवा, त्यात दोन सेंटीमीटर पाणी साठलं की बंद. खाली काळी माती असेल तर पाणी लगेच मुरत नाही, वाहून जातं, म्हणून अर्धं द्यायचं, चहा पिऊन यायचं, मग उरलेलं. नंतर स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, चार-पाच इंच सहज गेला पाहिजे. पुढचं पाणी कधी द्यायचं ते गवतच सांगतं, पाय ठेवून उचलल्यावर ठसा तसाच राहिला आणि रंग राखाडी दिसायला लागला की द्या.

कडेनेच जास्त पिवळं पडतंय म्हणताय ना, ती पेव्हर ब्लॉकची धग आहे, तिथे मधल्या दिवशी झारीने जास्तीचं पाणी घाला. पण ओढल्यावर गवत सुटून हातात आलं आणि खाली मातीचे पापुद्रे दिसले तर वाळवी बघा.

कटिंग दीड-दोन इंचांच्या खाली नको, एकावेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. ब्लेडला धार लावून घ्या, बोथट ब्लेडने पाती फाटतात आणि टोकं पांढरी पडतात.

बोअरचं पाणी वापरत असाल तर ते चाखून बघा. आमच्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात (इथे जमिनीखालचं पाणीच खारट) बोअरचं पाणी घातलं की मातीवर पांढरी पापडी येते आणि पात्यांची टोकं करपतात. अशा वेळी मी बोअर बंद करून सरळ पिवळं पडू देतो, आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खोलवर ओल करतो, बस, आणि त्यावर कोणाला चालू देत नाही (पोरं ऐकत नाहीत तो भाग वेगळा). नर्सरीवाले सिलेक्शन वन म्हणून विकतात ती शेवटी हरळीच, आपली गणपतीची दूर्वा, वरून वाळली तरी जमिनीतल्या कांड्या जिवंत असतात. नख लावून बघा, कांडी आत पांढरट-ओलसर असेल तर काळजी सोडा.

आणलेला युरिया फेकू नका, डब्यात घट्ट बंद करून ठेवा. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की तुमच्या एवढ्या लॉनला अर्धा किलो पुरे, पाती कोरडी असताना टाकायचा आणि लगेच भरपूर पाणी.