धरण आधीच थोडे रिकामे का ठेवत नाहीत?

प्रश्न : कोयना धरण भरत आले की दरवाजे उघडतात आणि इकडे कृष्णाकाठी आमच्या पोटात गोळा येतो. हेच पाणी आधी, थोडे थोडे का सोडत नाहीत?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कोणत्या तारखेला पाणी किती पातळीपर्यंत साठवायचे हे ठरवणारा आराखडा प्रत्येक मोठ्या धरणासाठी असतो; मात्र तो मागील अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदींवर बेतलेला असतो, आणि आता महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळू लागल्याने त्या नोंदींचा आधार डळमळीत झाला आहे.

हिशोब साधा आहे. ११,५७४ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग चोवीस तास चालू ठेवला, तर एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी बाहेर पडते. म्हणजे सुमारे १०५ टीएमसी क्षमतेच्या कोयनेत, नव्याने येणारे पाणी न धरताही, दहा टीएमसी जागा करण्यास त्या गतीने दहा दिवस लागतील. तीच जागा दोन दिवसांत हवी असल्यास जवळपास ५८,००० क्युसेक सोडावे लागतील, आणि तेही नदी आधीच फुगलेली असताना. त्यामुळे पूर्वानुमानावर विसंबून आधीच पाणी सोडणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो.

अडचण अशी की, पुढे पाऊस रुसला तर सिंचन आणि वीज दोन्ही अडचणीत येतात, आणि रिकाम्या धरणाचा जाब अधिकाऱ्यालाच द्यावा लागतो. शिवाय २०१९ च्या पुरात धरणाखालच्या मुक्त पाणलोटातही, म्हणजे जिथले पाणी धरणात न जाता थेट नदीत येते त्या भागातही, प्रचंड पाऊस झाला होता. ते पाणी कोणत्याही दरवाजाने अडत नाही.