एक लाख वाचवायच्या नादात भलतीकडेच पैसा घालवताय

भाऊ, पत्र वाचलं. अमळनेर तालुक्यात कपाशी, वहिनींचं वय ४४, ब्रेस्टमध्ये गाठ दोन सेंटिमीटरची, कॅन्सर आहे पण ऑपरेशन होण्यासारखा. नुसती गाठ काढून रेडिएशन घेतलं तर अडीच लाख, पूर्ण ब्रेस्ट काढलं तर दीड, आणि तुम्ही विचारताय दीडवालं करून लाख वाचवू का.

पैशासाठी तर अजिबात नको. इटली आणि अमेरिकेत दोन्ही प्रकारच्या पेशंटना २० वर्षं फॉलो केलं, २००२ मध्ये रिझल्ट आले, किती जगल्या त्यात फरक नाही. काखेतल्या गाठींत पसरलेलं निघालं तर ब्रेस्ट काढूनही रेडिएशन लागू शकतं, केमोचं कॅन्सरच्या प्रकारावर ठरतं, म्हणजे तो लाख वाचेलच असं नाही. गाठ काढून रेडिएशन टाळायचं तर मनातही आणू नका, अमेरिकेतल्या अभ्यासात तसं केलेल्या ३९ टक्के बायकांना त्याच ब्रेस्टमध्ये कॅन्सर परत आला, रेडिएशन घेतलेल्यांत १४ टक्के. आणि वहिनींना काय हवंय? अख्ख्या पत्रात ते कुठेच नाही!

आता खरं दुखणं. वर्षाला ४८ हजार, सहा वर्षं, म्हणजे जवळपास तीन लाख मनी बॅक पॉलिसीत घातले आणि घरात मेडिक्लेम एकाचाही नाही. त्यावर ती पॉलिसी विकणारा एजंटच आता वहिनींच्या नावाने कॅन्सर पॉलिसी काढा म्हणतोय, ५० हजार भरा, बायोप्सीचं (गाठीचा तुकडा तपासून कॅन्सर निघाल्याचं) लिहू नका. भाऊ, ही सरळ फसवणूक आहे, रिपोर्टवर तारीख असते, क्लेम नाकारणारच आणि ५० हजार गेले समजा.

त्यापेक्षा रेशनकार्ड आणि आधार घेऊन जळगावला सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात जा, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. या योजनेत आता कुठल्याही रंगाचं कार्ड चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात बसतं. पण मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची, आधी बिल भरून मागून पैसे मिळत नाहीत. रेडिएशन साधारण तीन आठवडे, रविवार सोडून जवळपास रोज जावं लागतं, कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत सवलत आहे, त्याचं सर्टिफिकेट हॉस्पिटलातूनच मागून घ्या.

जुनी पॉलिसी घाईने मोडू नका, भरले त्याहून कमी हातात येतील, तिच्यावर लोन किती मिळतं ते विचारून ठेवा. आणि तुमचा नि पोरांचा मेडिक्लेम याच महिन्यात काढा, फॉर्मवर सगळं खरं लिहून.