दिवाळी मॉरिशसमध्ये करा, पण सव्वापाच लाखांची नको

मुलुंडहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या सहकारी बँकेत नोकरी करतात, यजमान लॉजिस्टिक्स कंपनीत आहेत. दोघांचे मिळून हातात येणारे पैसे महिना 1,35,000. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत आणि घरात 71 वर्षांच्या सासूबाई.

गेल्या गणपतीत गिरगावात त्यांच्या माहेरच्या चाळीत मॉरिशसहून एक जोडपं आलं होतं. त्यांचे पणजोबा कोकणातून बोटीने तिकडे गेलेले, आणि हे दोघं मूळ गाव शोधायला रत्नागिरीकडे निघालेले. सासूबाईही त्याच बाजूच्या. दोन तास गप्पा झाल्या. निम्म्या मराठीत, निम्म्या हातवाऱ्यांनी. जाताना ते म्हणाले, "आता तुम्ही या." तेव्हापासून घरात मॉरिशस हा एकच विषय आहे.

टूर कंपनीने या दिवाळीसाठी सात रात्रींचे, रिसॉर्टमध्ये सगळं समाविष्ट धरून पाच जणांचे 5,15,000 सांगितले आहेत. ताई विचारतात, पाच लाखांची एफडी मोडू, पर्सनल लोन काढू, की टूर कंपनीचा 'बिनव्याजी' हप्ता घेऊ? यजमानांचं म्हणणं वेगळंच आहे: हॉटेल हवंच कशाला, सातही दिवस त्यांच्याकडे राहू, फक्त विमानाचं तिकीट काढू.

ताई, आधी तुमच्या तिन्ही वाटा बघू. तुमचा ठरलेला खर्च 1,02,000 आहे: गृहकर्जाचा हप्ता 42,000, घरखर्च 45,000 आणि मुलांच्या फिया वगैरे 15,000. सहा महिन्यांची गंगाजळी म्हणायची तर सहा लाखांच्या वर लागते. म्हणजे ती एफडी आजच थोडी तोकडी आहे. तिला फिरायला जाण्याचे पैसे समजू नका, मग ती मोडायची की नाही हा प्रश्नच उरत नाही.

पर्सनल लोनचा हिशोब कागदावर मांडून बघा. 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी 5 लाख घेतले तर महिन्याचा हप्ता 16,847 बसतो आणि एकूण व्याज 1,06,000 च्या वर जातं. मुलगी अकरावीत गेल्यावरही तुम्ही तिच्या आठवीतल्या सुट्टीचे हप्ते भरत असाल. बिनव्याजी हप्त्याबद्दल एकच करा. टूरवाल्याला विचारा, "सगळे पैसे एकरकमी दिले तर किती कमी कराल?" तो जेवढे कमी करेल तेवढं त्याचं व्याज. ते आधीच दरात मिसळलेलं असतं. पॅकेजवर टीसीएसही लागतो, म्हणजे टूरवाला बिलातच आगाऊ गोळा करतो तो आयकर, एप्रिल 2026 पासून 2 टक्के, तुमचे साधारण 10,300. ते रिटर्न भरताना वळते होतात, पण तोवर अडकतात. तिकीट आणि राहणं वेगवेगळं बुक केलं तर ते 'पॅकेज' ठरत नाही आणि हा प्रश्न येत नाही.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

2017 साली मी आणि माझी बायको मॉरिशसला गेलो होतो. फ्लिक-आँ-फ्लाक या किनाऱ्याजवळच्या साध्या गेस्ट हाउसमध्ये उतरलो होतो. रविवारी सकाळी किनाऱ्यावर गेलो तर सुरूच्या झाडांखाली अख्खं गाव लोटलेलं. अलिबागला असतात तशीच सुरूची झाडं, पण खाली सतरंज्या, मोठमोठी पातेली, पत्ते, आणि एका कोपऱ्यात रावान नावाच्या डफासारख्या वाद्यावर सेगा, म्हणजे तिकडचं लोकनृत्य, चाललेलं. आम्ही बघत उभे होतो. एका आजोबांनी कपाळ बघितलं, माझ्या बायकोची टिकली बघितली आणि म्हणाले, "मी मराठी." पुढचं वाक्य क्रिओल या तिकडच्या बोलीत. गणपतीची आरती त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत पाठ, पण "पाणी देऊ का" विचारायला मात्र क्रिओलच. पाच मिनिटांत आमच्या हातात बिर्याणीच्या थाळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने घरी बोलावलं आणि डाळपुऱ्या केल्या. पुरणपोळीसारखी मऊ, पण तिखटमिठाची, सोबत रश्शाची भाजी. बाजारात ती जोडीने विकतात, एक मागितली तर विकणारा हसतो.

घरी परतताना बायको म्हणाली, "ती आज कामावर गेली नव्हती." ती सून एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायची आणि आमच्यासाठी तिने रजा टाकली होती. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि मी, दुसऱ्यांना हिशोब शिकवणारा माणूस, रिकाम्या हाताने गेलो होतो.

म्हणून यजमानांना सांगा, "आता तुम्ही या" याचा अर्थ एक जेवण, फार तर दोन संध्याकाळी. पाच माणसं सात रात्री, हा त्याचा अर्थ नव्हे. त्यांच्या घरात किती खोल्या आहेत हे तुम्हाला ठाऊक नाही. ते नाही म्हणणार नाहीत, आणि अडचण नेमकी तीच आहे. राहण्याचा खर्च शून्य लिहिलात की तो दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत चढतो. शिवाय उतरल्यावर इमिग्रेशनवाले परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चाचे पैसे याबद्दल विचारू शकतात. तेव्हा हॉटेलचं बुकिंग दाखवणं सोपं जातं. पर्यटनासाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, तेवढं बरं आहे.

पण टूर कंपनीचं रिसॉर्टही मला पटत नाही, आणि फक्त पैशांमुळे नाही. तिथे गेट असतं, मनगटाला पट्टी बांधतात, आणि सगळं जेवण आधीच भरलेलं असल्यामुळे बाहेर पडायला मन होत नाही. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सगळ्यांचा असतो. रिसॉर्टसमोर जो समुद्र आहे त्यात गेस्ट हाउसवाल्यालाही पोहता येतं. मग रिसॉर्टचे दोन लाख कशासाठी? ज्या जोडप्याला भेटायला तुम्ही जाताय, त्यांच्यापासून लांब राहण्यासाठी?

तुम्ही पाठवलेल्या तिकिटांच्या दरावरून मी गणित मांडलं. पाच तिकिटं 1,90,000. स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं गेस्ट हाउस, रात्री 6,500 प्रमाणे सात रात्री 45,500. जेवणखाण 28,000, कारण सकाळचा चहा आणि सासूबाईंचा वरणभात घरीच होईल. ड्रायव्हरसह गाडी तीन दिवस आणि बाकी बस, मिळून 21,000. बोटीने इल-ओ-सेर्फ बेट, शामारेलची सात रंगांची माती वगैरे 20,000. प्रवास विमा 8,000, भेटवस्तू 7,000, मुलांचे आणि सासूबाईंचे पासपोर्ट व फोटो 5,000, आणि अडीअडचणीला 25,000. बेरीज 3,49,500. यातला भेटवस्तूंचा आकडा कापायचा नाही, दुसरं काहीही कापा. न्यायला सुती साडी, छोटी समई, देवनागरीतलं आरत्यांचं पुस्तक असं काही घ्या. फळं, बिया, रोपं नेऊ नका, त्यांचे तपासणीचे नियम कडक आहेत.

तुम्ही लिहिलंय की एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीचे, 12,000 गेल्यावर महिन्याला 21,000 उरायला हवेत, पण "कुठे जातात कळत नाही." पगाराच्या दिवशीच त्यातले 18,000 वेगळ्या खात्यात आपोआप वळवा. एसआयपीला हात लावू नका, ती मुलीच्या कॉलेजची आहे. प्रवासासाठी बाजूला ठेवलेले 60,000 आणि जूनचे 18,000 म्हणजे तिकिटांसाठी 78,000 झाले. कमी पडतात 1,12,000. ते एफडी न मोडता एफडीवरच्या ओव्हरड्राफ्टमधून, म्हणजे एफडी तारण ठेवून मिळणाऱ्या उचलीतून, घ्या. तुम्ही बँकेतच आहात, मी काय सांगणार! व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा टक्काभर जास्त, 8 टक्के धरू. जुलै ते ऑक्टोबरचे 72,000 आणि दोघांचा बोनस 90,000 यात तिकडचा सगळा खर्च भागतो. परत आल्यावर तेच 18,000 महिन्याला ओव्हरड्राफ्टमध्ये टाकत गेलात की पुढच्या जूनच्या आत तो फिटेल. व्याज सहा हजारांच्या आसपास. एक लाख सहा हजार कुठे आणि सहा हजार कुठे.

यात धोका आहे, तो लपवत नाही. तोवर तुमची गंगाजळी चार लाखांच्या खाली राहील. यजमानांच्या कंपनीत कपातीची कुजबुज असेल, किंवा बोनसची खात्री नसेल, तर हा बेत पुढच्या वर्षावर टाका.

तसं काही नसेल तर मी यंदाच जा म्हणेन. एरवी मी लोकांना "एक वर्ष थांबा, पैसे जमवा" असंच सांगतो, आणि माझ्या ओळखीचे लोक हे वाचून हसतील. पण पुढच्या वर्षी मुलगी नववीत जाईल आणि ती संपली की दहावीच्या व्हेकेशन बॅचमध्ये अडकेल. दहावीनंतर अकरावी-बारावीचं गणित सुरू होईल. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. 71 व्या वर्षी सहा तासांचं विमान झेपतं, 73 व्या वर्षी झेपेलच असं नाही. नोव्हेंबर तसा चांगला महिना आहे. तिकडे उन्हाळ्याची सुरुवात असते आणि वादळं मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये येतात. दिवाळीची तिकडे सरकारी सुट्टी असते, त्यामुळे तुमच्यासाठी त्या घरात कुणाला रजा टाकावी लागणार नाही.

सासूबाईंना पोर्ट लुईला आप्रवासी घाट नक्की दाखवा. 1834 पासून पुढे 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर करारावर त्या बेटावर उतरले. 2006 साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हटलं. तिथल्या दगडी पायऱ्या थोड्याच आहेत, गुडघ्यांना झेपतील. त्यांना रिसॉर्टच्या स्विमिंग पूलपेक्षा तिथे जास्त वेळ बसावंसं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

पैशांच्या दोन बारीक गोष्टी. त्यांचं चलनही रुपयाच, आणि नोटेवर देवनागरी अक्षरंही आहेत. त्यामुळे मुलं पाटीवर 'आर एस 400' बघतात आणि म्हणतात, "बाबा, स्वस्त आहे!" त्यांचा एक रुपया आपल्या साधारण दोन रुपयांना पडतो. मुलांना विमानातच दुपटीचा पाढा म्हणायला लावा. दुसरं, फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, तरी बस आणि डाळपुरीसाठी रोख ठेवा. कार्ड वापरलंत आणि मशीनने "भारतीय रुपयांत की इथल्या?" विचारलं, तर इथल्या म्हणजे त्यांच्या रुपयांत सांगा. भारतीय म्हणालात की दुकानाची बँक आपल्या मर्जीचा दर लावते.

प्रवास विमा घेताना सासूबाईंचा रक्तदाब आणि गुडघे लिहून द्या. यजमानांच्या कंपनीचा ग्रुप विमा परदेशात चालतो असं धरून चालू नका.

आणि तिकिटं काढण्याआधी, याच आठवड्यात, सासूबाईंच्या पासपोर्टचा अर्ज भरा. त्यांच्या आधार कार्डावर सासरचं नाव असेल, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. माझ्या आईच्या वेळी हे जुळवायला सात आठवडे गेले होते.