राजाची डायरी लिहायला देताय? आधी माझा घोळ वाचा

अरे देवा, ही पोस्ट तर मीच लिहिल्यासारखी आहे. सातवी-आठवीची मुलं इतिहासाच्या तासाला पेंगतात म्हणून 'मी सोळावा लुई, आजची माझी डायरी' असं लिहून घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. मी हेच केलं होतं, फ्रान्सचा राजा हाच आणि दिवसही हाच, १४ जुलै १७८९, लोकांच्या हल्ल्यात पॅरिसचं बॅस्टिल (किल्ल्यातला तुरुंग) पडलं तो. सनावळ्या घोकून घेऊ नका, नकाशा लावा वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडते.

डायऱ्या दिसायला एक नंबर झाल्या हो. चहाच्या पाण्यात बुडवलेले कागद, जाळलेल्या कडा, "बॅस्टिल पडलं हे ऐकून मी रात्रभर रडलो". एकाने तर राजाला व्हर्सायच्या राजवाड्याच्या खिडकीतून पॅरिसचा धूर दाखवला, मधे पंधरा-वीस किलोमीटर आहेत ते कोण बघतंय. तपासणीला आलेल्या साहेबांना इतक्या आवडल्या की फोटो काढून नेले. आणि त्याच ऑफिसने नंतर 'पोर्शन मागे का' म्हणून माझ्याकडून तीन-तीन तक्ते भरून घेतले, पण मुलांना नक्की काय कळलं हे एकानेही विचारलं नाही. असो, त्यावर बोलायला लागले तर उत्तर राहूनच जाईल.

घोळ कळला तो परीक्षेत. बॅस्टिलचा पाडाव का महत्त्वाचा, या प्रश्नाला निम्म्या वर्गाने लिहिलं की राजा रडला आणि त्याला पश्चात्ताप झाला. म्हणजे आपणच रचलेलं, नाहीतर शेजारच्याने वर्गात वाचून दाखवलेलं, ते सगळं घडलेलं म्हणूनच डोक्यात बसलं. त्यांना कशाला बोल लावू, कल्पना करा म्हणाले मीच, पण कशाच्या आधारावर करायची ते हातात दिलंच नव्हतं.

आणि कहर म्हणजे राजाची खरी डायरी आहे! त्या तारखेपुढे त्याने फक्त 'काही नाही' एवढंच लिहिलंय. मला तेव्हा हे ठाऊकच नव्हतं. पुढच्या वर्षी फळ्यावर तारीख आणि 'काही नाही' एवढंच लिहिलं आणि गप्प उभी राहिले. राजा बेफिकीर होता, त्याला बातमीच कळली नसेल, घाबरला असेल, असं सगळं येऊन गेलं आणि मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, पण ती डायरी कसली होती?" तिथून तास मला चालवावाच लागला नाही. कारण ती मुख्यतः शिकारीची नोंदवही, त्या दिवशी शिकार नाही म्हणून 'काही नाही'. मग पुढचा प्रश्न त्यांनीच काढला, आत कैदी सातच होते तर एवढे लोक गेले कशाला? तर सकाळी बंदुका हाती लागल्या होत्या, पण त्यात भरायची दारू बॅस्टिलमध्ये होती.

तेव्हा डायरी द्या, पण सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात 'हे कशावरून' ते लिहायला लावा. आधार नसेल तर तिथे 'क', म्हणजे काल्पनिक. 'क' आले तर मार्क कापू नका, नाहीतर मुलं ते लपवतात. गुलामांचा व्यापार, कत्तली असल्या विषयांवर मात्र 'तू तिथे आहेस असं समज' हा प्रकार मी कधीच देत नाही, एकतर वर्गात हसाहशी होते नाहीतर एखादं मूल खरंच हादरतं. हे माझं मत, मी काही तज्ज्ञ नाही, आणि मोठ्या वर्गात हे सगळं जमेलच असंही नाही.

जाता जाता एक, काळाचा अंदाज येत नसेल तर भिंतीवर दोरी बांधा, एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. गिझाचा मोठा पिरॅमिड (साधारण इ.स.पू. २५६०) ते चंद्रावरचं पाऊल (१९६९) म्हणजे साडेचार मीटर. क्लिओपात्राचा मृत्यू (इ.स.पू. ३०) कुठे येईल ते आधी मुलांना चिमटा लावून दाखवायला सांगा, मग मोजा. पिरॅमिडपेक्षा ती चंद्राच्या जवळ निघते आणि वर्गात गोंधळ होतो, होऊ द्या. फक्त वजाबाकी करताना इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मधे शून्य नाही, यावर कोणीतरी हुशार पोर तुम्हाला पकडणारच. मला पकडलं होतं.

समास तपासायला फार वेळ जातो म्हणाल, तर वह्यांची अदलाबदल करा. शेजाऱ्याचा 'क' शोधायला मुलांना भारी हुरूप येतो.