विमान पुन्हा वर का नेले?

पावसाळा तोंडावर आला की मडगावच्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक तक्रार हमखास कानावर येते: "मॅडम, विमानात बसायची भीती नाही, पण गोव्यात उतरताना ते हलायला लागलं की जीव मुठीत धरून बसते." असे सांगणाऱ्यांत व्यापारी असतात, बोटीवर नोकरी करणारे असतात, मुलांकडे जाणारे आईवडीलही असतात. त्यांपैकी एका शिक्षिकेची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि तपशील बदलून येथे देत आहे.

ताई फोंडा तालुक्यातल्या. एका पावसाळ्यात मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येताना त्यांचे विमान ढगांतून हादरत खाली आले, जमीन दिसू लागली आणि इतक्यात इंजिने गरजून ते पुन्हा वर गेले. दुसऱ्या खेपेस ते सुखरूप उतरले, परंतु ताईंचे मन पहिल्या खेपेतच अडकून पडले. त्यानंतर मुंबईला जायचे तर कोकण रेल्वेनेच. आता मात्र दिल्लीतील मुलीचे बाळंतपण जवळ आले होते, आणि मडगावहून दिल्लीचा रेल्वेप्रवास एका दिवसाहून अधिक लांबतो.

नुसता धीर देऊन अशी भीती जात नाही, म्हणून मी आधी माहिती दिली. दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ पठारांवर आहेत. पठाराच्या कडेवर आदळलेला वारा विस्कटतो आणि जमिनीलगतची हवा उसळते. अशा वेळी वैमानिक उतरताना विमानाचा वेग थोडा वाढवून ठेवतात. इंजिनाचा आवाज सारखा चढतो-उतरतो, तो बिघाडामुळे नव्हे, तर वेग राखण्यासाठी जोर कमी-जास्त होत असल्यामुळे. आपल्या कानातील तोलाच्या इंद्रियाला गतीतला बदल कळतो, उंची मोजता येत नाही. म्हणून थोडेसे खाली येणेही कोसळण्यासारखे भासते.

ताईंनी सारे वहीत उतरवून घेतले आणि म्हणाल्या, "पटतं सगळं. पण त्या दिवशी पायलटला जमलं नाही, हे तर खरं ना? जमलं असतं तर त्यानं परत वर कशाला नेलं असतं?"

माझ्या मते सगळी भीती या प्रश्नात साठली होती. मी विचारले, "ताई, पावसात तुम्ही मुलांची सहल कधी अर्ध्यावरून परत आणली आहे का?"

"आणली की. हरवळ्याला धबधब्याचं पाणी एकदम वाढलं होतं. मुलं रडली, पालकही नंतर कुरकुरले. पण मी एकालाही बसमधून खाली उतरू दिलं नाही."

"म्हणजे तुम्हाला सहल जमली नाही?"

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "नाही हो. उलट त्या दिवशी मी माझं काम नीट केलं."

समुपदेशकाला आपल्या कामाचे सार्थक वाटावे, असे क्षण मोजकेच येतात. हा त्यांतला एक होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते. माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयीचा त्याचा हट्ट अधिक छळतो, हे तिचे सूत्र मला पुन्हा एकदा पटले. विमान पहिल्याच खेपेत आणि धक्क्यावाचून उतरले पाहिजे, हा ताईंचा हट्ट होता. वैमानिकाला नेमका हाच हट्ट सोडायला शिकवलेले असते. ढगाळ हवेत साधारण 1000 फुटांवर आणि स्वच्छ हवेत 500 फुटांवर विमानाचा वेग, दिशा आणि उतार ठरलेल्या मर्यादेत नसेल, तर तो विमान वर नेतो. चाके टेकल्यावरही, इंजिनाचा उलटा जोर लावेपर्यंत, त्याला तसे करता येते. पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते इंधन याच तयारीचा भाग म्हणून बरोबर असते.

धोका मुळीच नसतो, असे मी ताईंना सांगितले नाही. 2 ऑगस्ट 1985 रोजी डॅलस येथे उतरणारे एक विमान वादळी ढगाखालच्या अधोमुखी वाऱ्यात सापडून कोसळले होते. मात्र अशा वाऱ्याची सूचना देणाऱ्या यंत्रणांचा प्रसार त्या अपघातानंतरच वेगाने झाला.

पुढच्या बैठकांत आम्ही शरीराकडे वळलो. पट्टा घट्ट बांधायचा, पावले जमिनीवर टेकवायची, खुर्चीचे हात आवळून न धरता अंग आसनाबरोबर हलू द्यायचे आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ घ्यायचा. "आता उतरलंच पाहिजे" असे मनात आले की त्याजागी "उतरता आलं तर उतरू, नाहीतर वर जाऊ" हे वाक्य म्हणायचे. सरावासाठी त्या आधी मुंबईला जाऊन आल्या. येताना विमान हलले, छातीही धडधडली. तरीही महिन्याभराने त्यांनी दिल्लीचे तिकीट काढले.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी भीतीपोटी प्रवास टाळत असेल, तर टाळण्याने तात्पुरती सुटका मिळते आणि भीती वाढते, हे ध्यानात घ्यावे. विमानात चढण्यापूर्वी धीर यावा म्हणून मद्य घेऊ नये, दुसऱ्याच्या झोपेच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. आणि प्रवासाच्या कितीतरी दिवस आधीपासून झोप उडत असेल किंवा घरात बसल्या जागीही भीतीचे झटके येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.