पाना उचलण्याआधी: जुन्या गाडीतला ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स

या खेपेला आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतात: जुन्या अमेरिकन गाडीतला दोन किंवा तीन गिअरचा ऑटोमॅटिक काढून त्याजागी ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे शेवटच्या गिअरमध्ये शाफ्टला इंजिनपेक्षा जास्त फेरे देणारा, बसवावा का? म्हणून यंदाची सगळी जागा त्यालाच देतो.

माझ्याकडे १९६५ची शेव्हरोले इम्पाला आहे, २८३ व्ही-एट इंजिन आणि मूळचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड. शहरात छान चालते, पण पुण्याला, कोल्हापूरला जाताना ताशी शंभरला इंजिन ओरडतं. ओव्हरड्राइव्ह बसवला तर फरक पडेल का? (वाचक, विलेपार्ले)

पडेल, आणि पहिल्याच फेरीत कानाला कळेल. पण आधी कागद-पेन्सिल घ्या. या सगळ्या कामाचं भवितव्य मागच्या आसातल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीच्या प्रमाणावर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे होतात यावर ठरतं, आणि नेमकं तेच कोणी मोजत नाही.

मोजायला सोपं आहे. पुढच्या चाकांना ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि गाडीखाली घोडी (स्टँड) द्या. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या आसाकडे जाणाऱ्या दांड्यावर) खडूने खूण करा. आता उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोन फेरे अशासाठी की दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, त्यामुळे डिफरन्शियल फिरणाऱ्या चाकाला दुप्पट फिरवतो. शाफ्टचे तीनपेक्षा थोडे जास्त, साधारण तीन आणि एक तृतीयांश फेरे झाले तर तुमचं प्रमाण ३.३६ आहे.

आता हिशेब. तुमच्या टायरचा व्यास ६९ सेंटिमीटरच्या आसपास धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७७० फेरे घेतं. त्याला ३.३६ने गुणा: इंजिन २६००च्या जवळ. पॉवरग्लाइडचा कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणारा भाग) थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. जनरल मोटर्सच्या ७००आर४ या चार गिअरच्या बॉक्सचा चौथा ०.७०चा आहे. म्हणजे त्याच वेगाला इंजिन १८००वर येतं. द्रुतगती मार्गावर कळंबोलीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत किंवा समृद्धीवर तासन् तास जाताना या आठशे फेऱ्यांचा अर्थ काय, ते तुमच्या गाडीत मागे बसणाऱ्यांना विचारा.

दुसरा फायदा लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.८२चा, ७००आर४चा ३.०६चा. उभ्या गाडीला हलवायला चाकापर्यंत पोचणारी ओढ जवळजवळ पावणेदोनपट होते. सिग्नलवरून निघताना, फ्लायओव्हरच्या चढावर अडकल्यावर हीच ओढ कामाला येते.

मात्र मागचं प्रमाण २.७३ निघालं तर थांबा. मग चौथ्यात इंजिन ताशी शंभरला १५००च्याही खाली जाईल. जुनं व्ही-एट तिथे ओढत नाही, कण्हतं. चढ आला की बॉक्स तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत बसतो आणि तापतो. अशा गाडीत क्राउन-पिनियन बदलल्याशिवाय ओव्हरड्राइव्हला अर्थ नाही. आणि गाडी फक्त रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर फिरत असेल, तर काहीच बदलू नका. चांगला पॉवरग्लाइड फार गुणी बॉक्स आहे.

७००आर४ की २००-४आर? गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही सारखेच. गाडी १९६३ची इम्पाला. (वाचक, दादर)

दोन्ही जनरल मोटर्सचे चार गिअरचे ओव्हरड्राइव्ह बॉक्स, पण सारखे नाहीत, आणि तुमच्या गाडीत तर मुळीच नाहीत.

७००आर४ १९८२पासून आला. तो पॉवरग्लाइडपेक्षा सुमारे ८ सेंटिमीटर लांब, म्हणजे शाफ्ट तेवढा कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. माउंटिंग, म्हणजे बॉक्स चेसिसवर टेकतो ती जागा, साधारण ५ सेंटिमीटर मागे जातं. २००-४आरची एकूण लांबी पॉवरग्लाइडएवढीच, त्यामुळे शाफ्टला सहसा हात लागत नाही, पण त्याचं माउंटिंग बरंच, १६-१७ सेंटिमीटर मागे जातं. शाफ्टच्या पुढच्या टोकाचे २७ दाते तिन्ही बॉक्सना एकच, ही जमेची बाजू.

गिअरच्या पायऱ्यांतही फरक आहे. ७००आर४मध्ये ३.०६वरून एकदम १.६३वर उतरतो, ती उडी जाणवते. २००-४आरचे २.७४, १.५७, १ आणि ०.६७ जास्त सलग वाटतात. शांत चालवणाऱ्याला मी २००-४आर सुचवतो. ७००आर४ घ्यायचा तर १९८७ किंवा नंतरचाच घ्या. आधीच्यांत कच्चे दुवे होते, ते तोवर सुधारले होते.

आता तुमची अडचण. १९५८ ते १९६४ या इम्पालांची चेसिस इंग्रजी एक्सच्या आकाराची असते. मधोमध चेसिसचाच बोगदा, त्यातून दोन तुकड्यांचा शाफ्ट जातो. माउंटिंग कुठे घ्यायचं हा प्रश्न इथे खरा प्रश्न होतो. तुमचा मिस्त्री म्हणेल, ‘थोडं कापून वेल्डिंग करू.’ नाही म्हणा. चेसिसला गॅस कटर लावायचा नाही. बोल्टने बसणारा आणि बोल्टने निघणारा ब्रॅकेट बनवता येत असेल तरच पुढे जा, नाहीतर तुमची गाडी आहे तशीच उत्तम आहे.

गेल्या वर्षी ७००आर४ बसवला. काही शे किलोमीटरमध्ये तिसरा आणि चौथा गेला. पहिला, दुसरा आणि मग न्यूट्रल झाल्यासारखं. ऑइल काळं, करपल्याचा वास. मिस्त्री म्हणतो, बॉक्सच खराब आला. (वाचक, ठाणे)

बॉक्सला दोष देण्याआधी एक केबल बघा. तुम्ही सांगताय ती लक्षणं तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेट जळाल्याची आहेत, आणि नव्याने बसवलेल्या ७००आर४मध्ये त्या जळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल.

जुन्या ऑटोमॅटिकमध्ये किकडाउनची केबल असते. ती चुकली तर फार तर ओव्हरटेकला गिअर खाली पडत नाही. आपल्याकडचे मिस्त्री टीव्ही केबललाही तेच समजतात आणि ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात. ही केबल वेगळी आहे. तुम्ही पेडल किती दाबलंय हे ती बॉक्सला सांगते, आणि त्यावरून आतलं ऑइलचं प्रेशर ठरतं. केबल ढिली असेल तर बॉक्सला वाटतं, गाडी हळूच चाललीये. प्रेशर कमी राहतं, प्लेटा घसरतात, जळतात. बाहेरून गिअर अगदी मऊ, लवकर पडतात, म्हणून मालक खूश असतो. तो मऊपणाच धोक्याचा.

लावायची पद्धत अशी. इंजिन बंद. कार्ब्युरेटरपाशी केबलच्या टोकाला सरकणारा भाग आहे आणि त्यावर दाबायचं बटण. बटण दाबून तो भाग कार्ब्युरेटरपासून दूर, मागे पूर्ण ढकला, बटण सोडा. आता आत बसलेल्या माणसाला ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबायला सांगा. दाते सरकल्याचा टकटक आवाज येईल आणि केबल आपली जागा घेईल. पेडल पायानेच दाबायचं, कार्ब्युरेटरचा हात बोटाने फिरवून नाही. पेडल दाबून थ्रॉटल पूर्ण उघडत नसेल तर ते याच वेळी कळतं. मग बॉक्सवरच्या टेस्ट पोर्टला प्रेशर गेज लावून खात्री करा.

तुम्ही लिहिलंय की कार्ब्युरेटर नंतरच्या काळातला, दुसऱ्या कंपनीचा आहे. मग त्याच्या हातावर केबल अडकवण्याची जागा बहुतेक चुकीच्या त्रिज्येवर आहे. पूर्ण दाबल्यावर केबल बरोबर, पण मधल्या पेडलला कमी ओढली जाते. याकरता सुधारित ब्रॅकेट मिळतो. तो लावल्याशिवाय दुरुस्त केलेला बॉक्स पुन्हा बसवू नका, तोही जळेल.

आणखी एक विचारून घ्या: कन्व्हर्टरच्या लॉकअपची (त्याची घसरण थांबवणाऱ्या क्लचची) वायर जोडली का? हा बॉक्स मुळात ज्या गाडीत असायचा, तिथे ते काम कॉम्प्युटर करायचा. कार्ब्युरेटरच्या गाडीत ब्रेकचा स्विच, व्हॅक्यूम स्विच आणि चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच यांच्या मदतीने १२ व्होल्ट द्यावे लागतात. ती वायर लोंबकळत राहिली तर हायवेवर चौथ्यात कन्व्हर्टर सतत घसरतो आणि ऑइल तापतं.

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात असा बॉक्स कसा वापरायचा? (वाचक, मुलुंड)

ट्रॅफिकमध्ये लिव्हर ओव्हरड्राइव्हच्या खुणेवर नको, तिसऱ्याच्या खुणेवर ठेवा. ताशी ५०-६०ला बॉक्स उगाच चौथ्यात जाऊन तापत नाही. ऑइल ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत ठीक. ११५च्या वर वारंवार जात असेल तर त्याचं आणि सीलचं आयुष्य झपाट्याने घटतं. मूळ ऑटोमॅटिक गाडीच्या रेडिएटरमध्ये गिअर ऑइलची नळी असते, पण इथल्या बहुतेक गाड्यांचे रेडिएटर कधीतरी स्थानिक कारागिराने बदललेले, त्यात ती नसते. वेगळा कूलर आणि बॉक्सच्या ऑइल चेंबरमध्ये तापमानाचा सेन्सर बसवा. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला तो काटा तुम्हाला बरंच काही सांगेल.

खंडाळ्याचा घाट उतरताना दुसऱ्याची खूण. १९६५पर्यंतच्या इम्पालाला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन गाडीला जवळजवळ धरतच नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. याबाबतीत मी फार कडक आहे.

बाबांची प्रीमिअर पद्मिनी आहे. त्यांचे गुडघे गेलेत, क्लच दाबवत नाही, पण गाडी सोडवतही नाही. तिच्यात ऑटोमॅटिक बसेल का? (वाचक, गिरगाव)

ताई, बाबांचं मन मला कळतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी अनेक घरांत माणसासारखी वागवली गेली. तरीही उत्तर नाही असंच आहे. १०८९ सीसीचं ते इंजिन जेमतेम ४० हॉर्सपॉवरचं. वर सांगितलेले बॉक्स कन्व्हर्टरसकट सत्तरेक किलोचे, आणि स्वतः फिरायलाच त्यातली बरीच ताकद खातात. बोगद्यात ते मावतही नाहीत. तोडफोड करून बसवलाच, तर माहीमच्या पुलावर गाडी धापा टाकेल.

दोन गोष्टी करा. आधी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पेडलची सगळी जोडणी नवी करून घ्या. चाळीस वर्षांच्या गाडीचं पेडल जड असतं ते बहुधा झिजेमुळे. तेवढ्याने भागलं नाही, तर दिव्यांग चालकांसाठी मिळणारं ऑटो क्लच किट पाहा. त्यात गिअर हातानेच बदलायचा, क्लच मात्र आपोआप दबतो, आणि गिअरबॉक्स मूळचाच राहतो. बाबांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं असेल, तरच.

मर्सिडीज डब्ल्यू१२३मधला चार गिअरचा ऑटोमॅटिक ओव्हरड्राइव्हच ना? (वाचक, शिवाजी पार्क)

नाही. त्याचा चौथा १चा आहे, म्हणजे सरळ. गिअर किती यावरून ओव्हरड्राइव्ह ठरत नाही. शेवटच्या गिअरचं प्रमाण १पेक्षा कमी असेल तरच तो ओव्हरड्राइव्ह.

गिअरबॉक्स बदलला तर आरटीओची अडचण येईल का? गाडीला व्हिंटेज गाड्यांचा ‘व्हीए’ नंबर घ्यायचा आहे. (वाचक, बोरिवली)

२०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. मोठ्या फेरफारात नियम चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांची नावं घेतो, गिअरबॉक्सचं घेत नाही. पण ‘मूळ रूप’ याचा अर्थ तपासणारा अधिकारी कसा लावील, यावर विसंबू नका. व्हीए नंबर घ्यायचाच असेल तर आधी मूळ गिअरबॉक्ससह नोंदणी करा, आणि बदलण्यापूर्वी ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जिथे तुमची गाडी आहे तिथे लेखी विचारा. हेही ध्यानात घ्या की व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रोज हायवेला न्यायची गाडी असेल तर हा नंबर तुमच्यासाठी नाही. साध्या नोंदणीच्या गाडीलाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहे: नोंदणीपत्रातला तपशील आणि गाडी यांत तफावत नको. विमा कंपनीलाही बदल कळवा.

काढलेला जुना बॉक्स भंगारात देऊ नका, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कोणी कितीही भाव सांगितला तरी. ऑइल भरलेलं ठेवा, कूलरच्या नळ्यांची तोंडं बुचांनी बंद करा, मागच्या टोकाला जुना योक (शाफ्टचं बॉक्समध्ये शिरणारं टोक) अडकवून ठेवा म्हणजे सील सुकणार नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. जुनं माउंटिंग, न कापलेला शाफ्ट आणि काढलेले बोल्टसुद्धा त्याच खोक्यात. शाफ्ट कापायचाच असेल तर मूळचा कापू नका, दुसरा बनवून घ्या.