गिरणीत ऐकू येतं, घरात नाही

तू लिहितेस, वय ३४, धाकट्याच्या जन्मानंतर दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय. नवरा म्हणतो, तोंडातल्या तोंडात बोलतेस. सासूबाई म्हणतात, नाटकं आहेत, पिठाच्या गिरणीत बरं सगळं ऐकू येतं! आईलाही पस्तिशीपासून ऐकू येत नाही, आजीचंही तसंच. आई मात्र ‘टायफॉइडने कान गेले’ सांगत राहिली. ‘खानदानी दोष लपवला, तिच्याशी बोलणं सोडू का?’ हा तुझा प्रश्न.

मी त्या गिरणीपाशीच थांबले. सासूबाईंनी टोमणा मारता मारता डॉक्टरांच्या कामाची गोष्ट सांगून टाकलीय. पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, गिरणीवाला ओरडून विचारतो, ‘बारीक की जाड?’ तुझ्या कानांत ती घरघर पुरती शिरतच नाही, आणि त्याचा चढा आवाज मात्र पोचतो. घरी कुणी ओरडत नाही, मग पंचाईत. तुझा स्वतःचा आवाज तुला हाडांतून मोठा ऐकू येतो, म्हणून तू हळू बोलतेस.

मला शंका आहे ओटोस्क्लेरोसिसची. मधल्या कानात रिकीब नावाचं जेमतेम तीन मिलिमीटरचं हाड असतं, शरीरातलं सगळ्यात लहान. त्याच्या बुडाशी नवं हाड धरतं आणि ते हलायचं थांबतं. नस शाबूत, पण आवाज आत पोचत नाही. बाळंतपणानंतर हे जास्त जाणवल्याचं पुष्कळ जणी सांगतात. घराण्यात असेल तर मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी, आणि ज्यांच्यात उतरतं त्यांतही साधारण ४० टक्क्यांनाच ऐकू कमी येतं. म्हणजे मुलांचं आत्तापासून रडू नकोस.

आता आई. टायफॉइडचं तिला कुणीतरी सांगितलं असेल, तिने मान्य केलं. तिची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कधी झाली का, हे तुझ्या चार पानी पत्रात नाही. रिकीब काढून तिथे बारीक कृत्रिम हाड बसवायची शस्त्रक्रिया १९५६ पासून होतेय. त्यात थोडा धोका असतो, हे डॉक्टर सांगतीलच. नको असेल तर या आजारात श्रवणयंत्रही चांगलं चालतं. आणि ती माउली इतकी वर्षं लग्नाकार्यात नुसती हसून मान डोलावत बसलीय!

बोलणं सोडतेस कसलं? फोनसुद्धा करू नकोस, तिला ऐकू येणार नाही. या शनिवारी माहेरी जा, तिला घे, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दोघींच्या नावाने केसपेपर काढ. आधी तिचा.